स्नॅपशॉट मागे जातो, परवान्याची मुदत मागे जात नाही

वाचकांचे प्रश्न : मालवेअर तपासणीची व्हर्च्युअल मशीन आणि विंडोजचे परवाने

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची होती. घातक सॉफ्टवेअर (मालवेअर) तपासण्यासाठी उभारलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोजचा परवाना कसा सांभाळावा, हा तो विषय. त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न (पुणे) : आमची आठ जणांची संस्था ग्राहकांकडून आलेल्या संशयास्पद फाइली तपासून अहवाल देते. त्यासाठी बारा व्हर्च्युअल मशीन आहेत आणि सर्वांवर विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती आहे. प्रत्येक तपासणीनंतर आम्ही पहिल्या दिवशी घेतलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या जतन केलेल्या अवस्थेवर, परत जातो. तरीही आता डेस्कटॉप काळा दिसतो आणि मशीन दर तासाला आपोआप बंद पडते. स्नॅपशॉट पहिल्या दिवसाचा असताना मुदत संपली कशी? व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ मागे ठेवावे का?

उत्तर : परवाना आणि ॲक्टिव्हेशन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची अडचण त्या एक समजल्यामुळे निर्माण झाली आहे. परवाना म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरण्याचा करारातून मिळालेला हक्क. ॲक्टिव्हेशन म्हणजे त्या हक्काची विंडोजने स्वतःपुरती केलेली नोंद, आणि ही नोंद डिस्कवर असते. स्नॅपशॉट मागे घेतला की डिस्क मागे जाते व तिच्याबरोबर नोंदही मागे जाते. मात्र मशीन सुरू होताच आत बसवलेली सहायक साधने होस्ट संगणकाकडून, म्हणजे ज्यावर ते मशीन चालते त्या खऱ्या संगणकाकडून, खरी वेळ घेतात, आणि विंडोज मुदतीची तारीख आजच्या तारखेशी ताडून पाहते. पहिल्या दिवसाच्या डिस्कला एक्क्याण्णवाव्या दिवसाचे घड्याळ मिळाले, की मुदत संपलेलीच दिसणार.

घड्याळ मागे ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. एक तर मुदतीची अट चुकवण्याचाच तो प्रकार आहे. शिवाय तपासणीच्या दृष्टीनेही ते घातक आहे. घड्याळ चार महिने मागे असलेल्या मशीनवरून एखाद्या नमुन्याने (तपासायला घेतलेल्या घातक फाइलीने) सुरक्षित जोडणी करायचा प्रयत्न केला आणि समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र गेल्या महिन्यात काढलेले असले, तर ते ‘अजून वैध नाही’ असे ठरून जोडणी तुटते. आपण मात्र अहवालात लिहून मोकळे होतो की नमुना निष्क्रिय आहे. ठरावीक तारखेनंतरच जागे होणारे नमुने वेगळेच. त्यात मशीनमधील नोंदींची वेळ आणि नेटवर्कवर पकडलेल्या वाहतुकीची वेळ जुळत नसली, तर अशा अहवालाला पुरावा म्हणून किंमत उरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणक प्रणालींची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळती ठेवण्यास सांगितले आहे. ग्राहकाच्या घटनेचा अहवाल त्या वेळेशी ताडून पाहिला जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चाचणी आवृत्ती दिली जाते ती विंडोज आपल्या कामाला योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी. दर नव्वद दिवसांनी ती नव्याने बसवता येते हे खरे, आणि स्वतः शिकण्यासाठी कोणी असे करत असेल तर मी त्याच्यामागे काठी घेऊन लागणार नाही. परंतु तुम्ही ग्राहकाकडून मोबदला घेऊन अहवाल देता, म्हणजे हे तुमचे रोजचे उत्पादक काम आहे. त्याला चाचणी आवृत्ती पुरत नाही. विंडोजच्या किरकोळ विक्रीच्या करारातील अट स्पष्ट आहे : एक परवाना म्हणजे एका यंत्रावर एक प्रत, मग ते यंत्र खरे असो वा आभासी. चालू किती आहेत हे मोजायचे नसून बसवलेल्या किती आहेत हे मोजायचे असते.

बारा परवान्यांच्या खर्चाने दचकण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, बारा मशीन खरोखर लागतात का? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक लहान लॅबमध्ये मशीनची संख्या गरजेने वाढलेली नसते, ती सवयीने वाढलेली असते. कोणीतरी ऑफिस बसवून पाहायचे म्हणून एक मशीन उभे केले, कोणी जुने जावा हवे म्हणून दुसरे, आणि मग कोणीच काहीच पुसले नाही. त्याऐवजी दोन-तीन मशीन ठेवून प्रत्येकाच्या स्नॅपशॉटचे झाड वाढवावे. खोड म्हणजे स्वच्छ विंडोज, एका फांदीवर ऑफिस, दुसरीवर जुना ब्राउझर, तिसरीवर डिबगर (प्रोग्रॅम पायरीपायरीने तपासण्याचे साधन). एका वेळी त्यातली एकच अवस्था चालू शकते, त्यामुळे माझ्या वाचनाप्रमाणे ही एकाच प्रतीची वेगवेगळी रूपे ठरतात. मात्र त्याच स्नॅपशॉटपासून क्लोन (वेगळी नक्कल) काढला, की तो स्वतंत्र मशीन झाला आणि त्याला स्वतंत्र परवाना लागला. माझे वाचन हा काही कायदेशीर सल्ला नव्हे, तेव्हा विक्रेत्याकडून हा मुद्दा लेखी मागवून घ्या.

मशीन खरोखरच जास्त लागत असतील तर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स या मायक्रोसॉफ्टच्या जोडकरारासह घेतलेल्या विंडोज एंटरप्राइजचा विचार करावा. त्यात परवानाधारक संगणकावर चार आभासी प्रतींपर्यंत मुभा मिळते. व्हॉल्यूम परवान्यातील (संस्थेसाठी एकत्र घेतलेल्या परवान्यातील) एंटरप्राइज ही मुळात बढती, म्हणजे अपग्रेड, असते आणि खाली प्रो आवृत्तीचा पात्र परवाना आधीपासून असावा लागतो. खरेदीच्या वेळी हे वाक्य वाचायचे राहून जाते आणि परवान्यांच्या तपासणीच्या वेळी आठवते. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर-विकास साधनाची वर्गणीही अनेकजण सुचवतात. ती माणशी असते आणि विकास व चाचणीसाठी असते. तुम्ही स्वतःचे सुरक्षा उत्पादन तयार करून त्याची परीक्षा घेत असता, तर ती चपखल बसली असती. ग्राहकाच्या फाइली पैसे घेऊन तपासण्याला ‘चाचणी’ म्हणणे मला ओढूनताणून वाटते.

परवाने आल्यावर मशीन कोणत्या क्रमाने तयार करायचे, याला फार महत्त्व आहे. विंडोज बसवा, सहायक साधने घाला, आणि त्यानंतर लगेच आभासी हार्डवेअरची सजावट उरकून घ्या. मालवेअरला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कळू नये म्हणून डिस्कचे नाव, बायोसमधील मजकूर, नेटवर्क कार्डाचा पत्ता असे सगळे बदलायची पद्धत आहे. हे काम ॲक्टिव्हेशननंतर केले, तर विंडोजला वाटते की आपण दुसऱ्याच संगणकावर आलो आणि ॲक्टिव्हेशन गळून पडते. म्हणून सजावट आधी करायची, ॲक्टिव्हेशन नंतर. पुढे ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलव्ही’ या पर्यायासह चालवून स्थिती तपासा आणि पडद्याचे चित्र जपून ठेवा. मग त्याच आज्ञेच्या ‘सीपीकेवाय’ या पर्यायाने रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदसंग्रहातील, प्रॉडक्ट की पुसून टाका. ॲक्टिव्हेशन टिकते, पण माहिती चोरणाऱ्या नमुन्याच्या हाती तुमची की लागत नाही. शेवटी नेटवर्क तोडा आणि मगच पायाचा स्नॅपशॉट घ्या.

मशीनची फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवल्यावर एका प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ‘हलवले की नक्कल केली’ असा प्रश्न येतो. घाईत मी एकदा ‘नक्कल केली’ हे बटण दाबले. मशीनला नवा ओळखक्रमांक आणि नेटवर्क कार्डाचा नवा पत्ता मिळाला, सर्व फांद्यांची ॲक्टिव्हेशन गेली आणि एक पूर्ण दिवस ती परत बसवण्यात गेला. दोष माझाच होता. तेव्हापासून त्या प्रश्नाचे योग्य उत्तर लिहिलेली चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली आहे.

प्रश्न (नवी मुंबई) : कंपनीत केएमएस सर्व्हर (संस्थेच्या नेटवर्कवरील विंडोजना ॲक्टिव्हेशन देणारा सर्व्हर) आहे. मालवेअर लॅब वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कवर आहे. लॅबमधील मशीनना ॲक्टिव्हेशन मिळावे म्हणून फायरवॉलमध्ये १६८८ क्रमांकाचे पोर्ट उघडावे, असे आमच्या नेटवर्क विभागाचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. ज्या खोलीत आपण मुद्दाम विंचू सोडतो, त्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत दार ठेवायचे नसते. पोर्ट एकच आणि सर्व्हर एकच असला, तरी तो सर्व्हर कंपनीच्या बाकीच्या नेटवर्कला जोडलेला आहे.

केएमएसची रीत समजून घेतली तर पोर्टाची गरजही कमी होते. केएमएसने दिलेले ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते. मशीन दर सात दिवसांनी ते वाढवून घेण्याचा प्रयत्न करते, पण प्रयत्न फसला म्हणून लगेच काही बिघडत नाही, १८० दिवस ते वैधच राहते. त्यामुळे पायाचे मशीन स्वच्छ असताना, लॅबमध्ये नेण्यापूर्वी, कंपनीच्या नेटवर्कवरच ॲक्टिव्हेट करावे, तेथून तोडावे आणि स्नॅपशॉट घ्यावा. नव्याने बांधणी दर पाच महिन्यांनी करावी, म्हणजे महिनाभराची सवड हाताशी राहते. एकदा नमुना चालवलेले मशीन मात्र ‘फक्त ॲक्टिव्हेशनपुरते’ म्हणून कंपनीच्या नेटवर्कवर परत आणू नये. बांधणी नेहमी विंडोज बसवण्याच्या मूळ आयएसओ फाइलपासून करावी.

तुमच्या पत्राच्या शेवटी लॅबसाठी वेगळा केएमएस सर्व्हर उभारण्याचा विचार आहे. तो करताना हे लक्षात घ्या की डेस्कटॉप विंडोजसाठी केएमएसकडे किमान २५ संगणकांची मागणी नोंदली गेल्याशिवाय तो कोणालाच ॲक्टिव्हेट करत नाही. सर्व्हर आवृत्तीसाठी हा आकडा ५ आहे. एकाच प्रतिमेवरून (आधी तयार केलेल्या डिस्कच्या प्रतीवरून) तीस क्लोन काढले तरी आकडा एकवरच अडकतो, कारण सर्वांचा आतला क्लायंट ओळखक्रमांक एकच असतो. तो बदलण्यासाठी प्रतिमा तयार करताना ‘सिसप्रेप’ हे विंडोजमधील साधन सामान्यीकरणाच्या पर्यायासह चालवावे लागते. लहान लॅबसाठी एमएके प्रकारची की (अनेक मशीनना चालणारी एकच की) अधिक सोयीची आहे. तिने ठरावीक वेळा ॲक्टिव्हेशन करता येते आणि नंतर मुदत नसते. फक्त ॲक्टिव्हेशनपूर्वीच्या स्नॅपशॉटवर वारंवार परतून पुन्हा ॲक्टिव्हेट करत बसलात, तर कोटा पाहता पाहता संपतो. इंटरनेट नसलेल्या मशीनसाठी व्हीएएमटी या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने दुसऱ्या संगणकामार्फत ॲक्टिव्हेशन करता येते. मिळालेला पुष्टीक्रमांक ते साठवून ठेवते आणि हार्डवेअर न बदलता त्याच मशीनवर विंडोज पुन्हा बसवले, तर तोच क्रमांक परत लावता येतो.

प्रश्न (नाशिक, महाविद्यालयीन प्राध्यापिका) : सायबर सुरक्षेच्या प्रात्यक्षिकासाठी तीस विद्यार्थ्यांना विंडोजची व्हर्च्युअल मशीन द्यायची आहेत. तंत्रज्ञ सांगतात की एक ‘ॲक्टिव्हेटर’ (परवान्याशिवाय ॲक्टिव्हेशन करून देणारा क्रॅक) चालवला की काम होते, आणि मशीन मालवेअरनेच भरायचे असल्यामुळे त्यात आणखी एक क्रॅक गेला तर काय बिघडले?

उत्तर : तंत्रज्ञांचा युक्तिवाद ऐकायला गमतीदार आहे, पण तो प्रात्यक्षिकाच्या मुळावरच येतो. मालवेअरची तपासणी म्हणजे तुलना. नमुना चालवण्यापूर्वी काय होते आणि नंतर काय झाले, यांतील फरक म्हणजे आपले निरीक्षण. ॲक्टिव्हेटर चालवायचा तर आधी डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करा किंवा त्यात सूट द्या असे तो सांगतो, मग एखादी सेवा बसवतो, ठरावीक वेळी जागे होणारे काम नोंदवतो आणि कधीकधी यंत्रातच खोटा केएमएस सर्व्हर चालवतो. कल्पना करा, विद्यार्थिनीने नमुना चालवला आणि तिला एक अनोळखी सेवा, एक अनोळखी नियोजित काम व १६८८ क्रमांकाच्या पोर्टावरची हालचाल दिसली. यांतले नमुन्याचे कोणते आणि क्रॅकचे कोणते, हे तिने कसे ओळखावे? आणि हे झाले तो क्रॅक ‘प्रामाणिक’ असेल तर. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले होते की केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा पासवर्ड व क्रिप्टोवॉलेटची माहिती चोरणारा मालवेअर पसरवला जात होता.

कायद्याची बाजूही पाहा. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३बनुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत माहीत असून वापरल्यास किमान सात दिवस व कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वा व्यापारासाठी वापर नसेल तर न्यायालय विशेष कारणे देऊन कैद टाळू शकते, पण महाविद्यालयाने त्या सवलतीच्या भरवशावर अभ्यासक्रम आखू नये. सुरक्षेचा विषय शिकवणाऱ्या विभागाने तर नाहीच नाही.

ॲक्टिव्हेशन न करताच विंडोज चालवावे का, असेही तुम्ही विचारता. ते चालते. कोपऱ्यात पाणचिन्ह दिसते आणि वैयक्तिक सजावटीचे पर्याय बंद राहतात, एवढेच. पण करारानुसार वापराचा हक्क परवाना व ॲक्टिव्हेशन दोन्ही असतील तरच मिळतो, तेव्हा ‘चालते’ आणि ‘चालेल’ यांत फरक आहे.

मग करायचे काय? अर्ध्याहून अधिक प्रात्यक्षिके विंडोजशिवाय होतात. लेनी झेल्टसर यांनी २०१० मध्ये सुरू केलेले रेमनक्स हे लिनक्स वितरण मोफत आहे, आणि फाइलची रचना, मजकूर, मॅक्रो व नेटवर्कची वाहतूक तपासण्याची साधने त्यात तयार मिळतात. फाइल न चालवता केलेली तपासणी हाच पहिल्या सत्राचा खरा पाया असतो. दुसऱ्या सत्रात नमुना प्रत्यक्ष चालवायच्या वेळी तीस मशीनची गरज नाही. पाच-सहा परवानाधारक मशीन ठेवून गटागटाने काम द्यावे. एकजण चालवतो, दुसरा नोंदी लिहितो, तिसरा नेटवर्क पाहतो, आणि प्रत्यक्ष व्यवसायातही काम असेच होते. महाविद्यालयाचा शैक्षणिक व्हॉल्यूम करार आधीपासून असण्याची शक्यता बरीच आहे. संगणक केंद्राच्या कपाटात तो शोधा. अनेक ठिकाणी तो सापडतो आणि त्यातील हक्क कोणी वापरलेलेच नसतात. मँडियंट या सुरक्षा कंपनीचे फ्लेअर-व्हीएम हे विंडोज नव्हे, एवढेही विद्यार्थ्यांना सांगून ठेवा. ते आपल्या विंडोजवर साधने बसवणाऱ्या स्क्रिप्टचा संच आहे. विंडोज आपले आपणच आणायचे असते.

प्रश्न (सांगली, विद्यार्थी) : माझ्या लॅपटॉपबरोबर अस्सल विंडोज ११ होम आले आहे. तीच प्रत त्याच लॅपटॉपवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरली तर वेगळा परवाना लागेल का?

उत्तर : लागेल. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो आणि तो एका प्रतीसाठी असतो. ती प्रत होस्ट म्हणून आधीच चालू आहे. प्रॉडक्ट की लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये असते व आतल्या मशीनला ती दिसत नाही. ती आत पोहोचवण्याच्या युक्त्या आहेत, पण की पोहोचली म्हणून हक्क पोहोचत नाही. होस्टवर लिनक्स घालून विंडोज आत न्यावे का, असेही काही विद्यार्थी विचारतात. तसा विचार असेल तर त्या परवान्याची अट लॅपटॉप उत्पादकाच्या कागदपत्रात वाचूनच निर्णय घ्या. शिकण्यापुरते ९० दिवसांच्या चाचणी आवृत्तीवर सुरुवात करायला हरकत नाही. ती बसवल्याची तारीख वहीत लिहा आणि सत्तराव्या दिवशी आपल्या नोंदी, साधनांची यादी व स्क्रिप्ट बाहेर काढून ठेवा. ही आवृत्ती नंतर की घालून पूर्ण आवृत्तीत बदलता येत नाही, विंडोज नव्यानेच बसवावे लागते.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही परवाना असतो, हे तुमच्या पत्रात सुटले आहे. व्हर्च्युअलबॉक्सचा गाभा जीपीएल या खुल्या परवान्याखाली मुक्त आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक (जोडसुविधांचा संच) वैयक्तिक, शैक्षणिक वा मूल्यमापनाच्या वापरापुरताच मोफत आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही मोफत झाले आहे.

प्रश्न (पणजी) : एका प्रशिक्षणात ऐकले की काही मालवेअर विंडोजचा प्रॉडक्ट आयडी पाहून थांबतात. परवान्याचा आणि मालवेअरच्या वागण्याचा खरोखर असा संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तो जुना आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत करंटव्हर्जन या शाखेखाली प्रॉडक्टआयडी नावाची नोंद असते. पूर्वीच्या स्वयंचलित तपासणी सेवा एकाच प्रतिमेवरून शेकडो मशीन चालवत, त्यामुळे त्या सर्वांचा प्रॉडक्ट आयडी एकच असे. मालवेअर लिहिणाऱ्यांनी एक साधा प्रोग्रॅम त्या सेवांकडे तपासायला पाठवला, त्याने आतून हा क्रमांक बाहेर आणला, आणि मग तो क्रमांक नमुन्यांत कोरला गेला. ७६४८७-६४४-३१७७०३७-२३५१० हा क्रमांक दिसला की समजायचे आपण सीडब्ल्यूसँडबॉक्स या तपासणी सेवेत आहोत, आणि मुकाट्याने बाहेर पडायचे. अनुबिस आणि जो सँडबॉक्स या तशाच सेवांचे क्रमांकही अशा याद्यांत असत. जुन्या नमुन्यांत हे आकडे साध्या मजकुराच्या रूपात आजही सापडतात.

आजच्या लॅबला यातून दोन कामे लागतात. पहिले, सर्व मशीनचा प्रॉडक्ट आयडी एक नाही ना, हे पाहणे. ज्या संस्था मशीनगणिक परवाना घेऊन प्रत्येक मशीन वेगळे बसवतात, त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. दुसरे, आवृत्तीचे नाव. चाचणी आवृत्तीत रजिस्ट्रीतील एडिशनआयडी ‘एंटरप्राइजइव्हॅल’ असा असतो, आणि कोणत्याही प्रोग्रॅमला तो एका ओळीत वाचता येतो. खऱ्या कचेरीतील हिशेबनिसाच्या संगणकावर चाचणी आवृत्ती नसते, हे मालवेअर लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. एखादा नमुना तुमच्याकडे काहीच करत नसेल आणि ग्राहकाकडे त्याने धुमाकूळ घातला असेल, तर डिबगर उघडून तो रजिस्ट्रीतील कोणत्या नोंदी वाचतो ते आधी पाहा. प्रॉडक्टआयडी किंवा एडिशनआयडी वाचून त्याच्या पुढच्याच पावलाला तो बंद होत असेल, तर तोच नमुना परवानाधारक प्रो आवृत्तीच्या मशीनवर पुन्हा चालवा आणि दोन्ही वेळच्या नोंदी अहवालात शेजारीशेजारी लावा.